काचघराचा शेवट

आमच्या घरात इंग्रजी रहस्यकादंबऱ्या वाचायचे बाबा आणि त्या ऐकायची आई. आईला इंग्रजी येत नाही, आणि शिकावंसंही तिला कधी वाटलं नाही. एकानं वाचलं की दोघांचं भागतं, असं तिचं म्हणणं. बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. तरी कुणी मला विचारलं की व्हिक्टोरियन काळातल्या त्या जाडजूड विलायती पुस्तकांत एवढं काय ठेवलंय, तर मला आधी पुस्तक आठवतच नाही. जयपूरच्या झोटवाड्यातल्या आमच्या फ्लॅटची मागची गॅलरी आठवते आणि तिथे चहा गार करत बसलेली ती दोघं आठवतात.

आम्ही मूळचे भुसावळकडचे. मी आईच्या कडेवर होते तेव्हा बाबांच्या नोकरीपायी जयपूरला आलो ते इथलेच झालो. बाबा मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेपटीला एक डबा असतो, त्यात झेंडे आणि दिवा घेऊन एकट्यानं बसायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी संपता संपता या कामाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला लागले. तेव्हा आई शेजारच्या काकूंना म्हणाली, "मॅनेजर झाले हो आमचे. डबा मात्र तोच, बिनपंख्याचा."

मालगाडी म्हणजे लग्नघरातली गरीब आत्या. मेल आली, वाट द्या. एक्स्प्रेस आली, वाट द्या. सगळे पुढे गेले की मग आपण. फुलेऱ्याच्या पलीकडे, जिथे झाड म्हणून खेजडीशिवाय काही दिसत नाही, तिथे बाबांची गाडी बाजूच्या लाइनीवर तासन्‌तास उभी असायची. अशा वेळी ते पुस्तक काढायचे. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं, तिथून ते पुस्तकं आणायचे आणि निवडायचे फक्त जाडीवरून. "पातळ पुस्तक सांभर स्टेशन यायच्या आतच संपतं," असं त्यांचं साधं गणित होतं. दुकानात सगळ्यात जाड निघायची ती त्या जुन्या काळातली रहस्यं. बारीक छपाई, पिवळी पानं, आणि पहिला मृत्यू व्हायला शे-दीडशे पानं वाट बघायची. म्हणजे आवड वगैरे नंतर आली. आधी आली ती खोळंब्याची सोय.

पण आवड लागली ती लागलीच. मीही पुढे ती पुस्तकं वाचली, गोपालपुऱ्यात कोचिंगच्या मुलांना इंग्रजी शिकवून घसा कोरडा झाला की घरी येऊन तीच उघडायची. मला विचाराल तर त्यांची खरी गंमत खुनात नाहीच. खून एकच असतो, लपवाछपवी मात्र घरातल्या झाडून सगळ्यांची असते. कुणी लाजेपोटी गप्प, कुणी अब्रूपायी, कुणी समोरच्याला त्रास नको म्हणून. सगळे सज्जन, सगळे गुळणी धरून बसलेले, आणि त्यातून जे काही व्हायचं ते होऊन बसलेलं. आमच्यासारख्या घरांना हे परकं कसं वाटेल? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आमच्याकडे दुधाबरोबर पाजतात. फरक एवढाच की त्या पुस्तकांत शेवटी कुणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवतं आणि जे झालं ते सरळ सांगून टाकतं. आमच्याकडे तेवढं होत नाही.

बाबा घरी आले की आंघोळ, जेवण, झोप, आणि मग चहाच्या वेळी आईला गोष्ट. समोर पुस्तक उघडं ठेवायचे, पानभर मनात वाचायचे आणि मग आपल्या मराठीत सांगायचे. नावं सांगायचे नाहीत. ती लांबलचक साहेबी नावं आईच्या कानात राहत नसत, म्हणून प्रत्येकाला ते घरचंच नाव द्यायचे. थोरला, धाकटी, काणा, चाव्यावाली. आई मधे मधे विचारायची ते प्रश्न कुठल्या पोलिसाला सुचले नसते. जेवायला काय होतं? भांडी कुणी घासली? एवढ्या मोठ्या घरात पाणी कोण भरतं? बाबा तेही पुस्तकात शोधून सांगायचे, नसलं तर पदरचं घालायचे. पुढे मी त्यांतलं एक पुस्तक स्वतः वाचलं तेव्हा कळलं की त्यातल्या विलायती स्वयंपाकघरात भरताची वांगी कधीच नव्हती.

आणि आईचा एक नेम होता. बाबा कामावर निघायचे तेव्हा गोष्ट संपलेली चालायची नाही.

हा नेम कसा पडला ते तीच सांगायची. जयपुरात नवे होतो, ना भाषा आपली ना शेजार. बाबा गोष्ट सांगत होते आणि मधेच ड्यूटीचं बोलावणं आलं. गोष्ट तिथेच राहिली. त्या फेरीला त्यांच्या पुढची मालगाडी रुळावरून घसरली, बाबांची मागे कुठेतरी अडकून पडली आणि घरी यायला त्यांना फार उशीर झाला. तेव्हा हातात फोन नव्हते. आईनं तो वेळ कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. पण बाबा आले ते धडधाकट आले, आणि पाय धुऊन आधी उरलेली गोष्ट सांगायला बसले. आईनं त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. गोष्ट अर्धी असली की माणसाला परत यावंच लागतं. झालं. शेजारच्या काकू नवऱ्याला निघताना दही-साखर द्यायच्या, आई अर्धी गोष्ट द्यायची. बाबा चुकून शेवटाजवळ आलेच तर ती सरळ थांबवायची. "उरलेलं आल्यावर," म्हणायची. बाबा मला डोळा मारायचे, पण नेम त्यांनी कधी मोडला नाही. नोकरीभर मोडला नाही.

निवृत्त झाल्यावर नेमाला काही काम उरलं नाही. रेल्वेचं क्वार्टर सोडून आम्ही झोटवाड्यात आलो. बाबा घरीच, त्यामुळे पुस्तकं सरळ शेवटापर्यंत जाऊ लागली. आईला ते थोडं बेचव वाटायचं, असं मला वाटतं. पण बोलून दाखवलं नाही तिनं.

काचघराचं पुस्तक आणलं त्या हिवाळ्यात बाबांचा आवाज बसलेला होता. पुस्तकाचं नाव वेगळंच होतं, आम्ही त्याला काचघर म्हणायचो. एका मोठ्या घराच्या बागेत काचेची खोली असते, थंडीत नाजूक झाडं जगवायला बांधलेली, आणि त्या खोलीत घराचा मालक, आमचा थोरला, मरून पडलेला सापडतो. काचेच्या खोलीत, जिथे बाहेरून सगळं दिसतं, तिथे काय झालं ते कुणीच पाहिलेलं नाही. घरात त्याची दुसरी बायको धाकटी, सगळ्या चाव्या कमरेला लावून फिरणारी चाव्यावाली, आणि येऊन-जाऊन असणारा एक डॉक्टर. आईचा संशय पहिल्यापासून डॉक्टरवर. "एवढ्या वेळा आला, एकदा तरी पथ्य सांगितलं का त्यानं? असला डॉक्टर मला नको." बाबा चाव्यावालीच्या बाजूचे. मी कुणाच्याच बाजूची नव्हते, मला फक्त त्यांची भांडणं ऐकायला आवडायची.

आवाज बसलाय म्हणून हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. मग मी त्यांना जबरदस्तीनं मोठ्या इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, नीट बोलणारा होता. त्यानं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की कॅन्सरनं स्वरयंत्रालाच धरलंय आणि ते काढावं लागेल. किरणांचा शेक देऊन भागण्यापलीकडे गेलंय. जीव वाचेल, आवाज जाईल. बाबांनी फक्त विचारलं, "केव्हा करायचं?"

खाली येऊन मी स्कूटी काढत होते तर म्हणाले, "आईला आवाजाचं सांगायचं नाही. गाठ आहे, काढतील, एवढंच."

मी भांडले. तिथेच, पार्किंगमध्ये, माणसं बघताहेत याची पर्वा न करता. मी तशी तोंडाळच आहे, बाबांच्याच शब्दात सांगायचं तर भर बाजारात वाजणारी. म्हटलं, ती काय लहान मुलगी आहे? आयुष्यभर तुमचा आवाज ऐकत बसलीय ती, आणि तिलाच नाही सांगणार?

"म्हणूनच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हा वाळूत पाय ओढल्यासारखा यायचा. "ती म्हणेल, राहू द्या ते ऑपरेशन. आहे तेवढे दिवस बोला माझ्याशी. आणि ती तसं म्हणाली की मी ऐकेन तिचं. मला जगायचंय गं."

मला अजून त्या माणसाचा राग येतो आणि अजून रडू येतं. ऑपरेशनच्या कागदावर घरच्यांची सही मी केली. आईला सांगितलं गाठ आहे, छोटी आहे, काढली की आवाज मोकळा होईल का ते बघू. तिनं ‘बघू’ कानाआड केलं आणि ‘मोकळा होईल’ तेवढं धरून ठेवलं.

त्यानंतर बाबा पुस्तक वाचायला लागले ते गाडी सुटल्यासारखे. आधी रोज एक प्रकरण असायचं, चहा संपला की संपलं. आता सकाळी एक, दुपारी एक, चहाला एक. वर्णनं गाळू लागले. धाकटीचा झगा नाही, बागेतली फुलं नाहीत, पाऊस नाही. आईच्या लक्षात आलंच. "अहो, ते जेवले का नाही आज? मागच्या वेळेला पानात काय काय वाढलं ते सगळं सांगितलं होतंत." बाबा म्हणायचे, जेवले, जेवले, पुढे ऐक. ती म्हणायची, एवढी कसली घाई लागलीय, कुठे पळून चाललंय का ते काचघर? मी भाजी निवडत ऐकायचे आणि मान वर करायचे नाही. बाबांना बोलताना दुखायचं. थांबून थांबून घोटभर पाणी प्यायचे आणि पुन्हा सुरू करायचे. आईला वाटायचं पुस्तकच तसं रंगलंय. रंगलं होतंही. थोरल्याच्या म्हाताऱ्या वकिलानं घरातल्या एकेकाला बोलतं करायला सुरुवात केली होती, चाव्यावालीनं एक चावी इतके दिवस दडवून ठेवली होती ते निघालं होतं, आणि आई आपल्या डॉक्टरवर ठाम होती.

बाबांचा हिशोब असा होता की ऑपरेशनच्या आधी पुस्तक आरामात संपेल. पण इस्पितळातून फोन आला की पलंग मोकळा झालाय, उद्या सकाळीच भरती व्हा. तीन-चार प्रकरणं उरली होती.

त्या संध्याकाळी बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. गॅलरीत बसले, चष्मा पुसला आणि सुरू झाले. वकील सगळ्यांना काचघरात बोलावतो. धाकटी येते, डॉक्टर येतो, चाव्यावाली दाराशी उभी राहते. वकील म्हणतो, या खोलीतल्या एका माणसाला सगळं ठाऊक आहे. बाबांचा आवाज मधेच तुटायचा, नुसती हवा यायची, पण ते थांबले नाहीत. मी दाराला टेकून उभी होते. मला वाटलं, होतंय. होईल.

आणि आई म्हणाली, "बस. उरलेलं आल्यावर."

बाबा म्हणाले, "अगं, ऐक ना. आजच संपवू."

"नाही. उद्या तुम्ही जाणार. संपवून नाही जायचं."

किती वर्षांत तिनं हे म्हटलं नव्हतं. नेम असा पडून राहिलेला, आणि गरज पडली तेव्हा तिनं तो काढला. दुसरं काय होतं तिच्याकडे त्यांना परत आणायला? देवाला बोलून झालं होतं, इस्पितळातलं काही तिला कळत नव्हतं. हे एक कळत होतं. बाबा म्हणाले, "या वेळेला राहू दे तो नेम. माझं ऐक एकदा." ती उठली, त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, पानात आपल्या केसांतली पिन घातली आणि आत नेऊन फ्रिजवर ठेवून दिलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कुणीही तेव्हा एक वाक्य बोललं असतं तर ती परत येऊन बसली असती. सगळं ऐकलं असतं तिनं. पण ते वाक्य बोललं की ऑपरेशन राहिलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ते मलाच विचारत होते की काय, मला कळलं नाही. मी मान हलवली नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. शेवटी ते म्हणाले, "बरं." मग आत जाऊन तिला म्हणाले, चहा कर, आता घेतो.

दुसऱ्या दिवशी ऑटोत ते सारखं काहीबाही बोलत होते. रस्त्यात पुलाचं काम किती दिवस चाललंय, गॅसवाल्याचा फोन आला तर काय सांगायचं, गिझर बंद केला का. आई म्हणाली, घशाला आराम द्या जरा. ऑपरेशनला नेताना तिच्या हातात चष्मा दिला आणि म्हणाले, "येतो गं." ती म्हणाली, "या." मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

तिला भेटू दिलं तेव्हा त्यांच्या गळ्यात नळी होती. शुद्धीवर होते. तिला बघून त्यांनी हात वर केला. ती जवळ गेली, कपाळावरून हात फिरवला आणि वाट बघत राहिली. काय दुखतंय, पाणी हवंय का, असं विचारून ती त्यांच्या तोंडाकडे बघायची. पुन्हा विचारायची. मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात नर्स आली. बिचारीला काय माहीत. सहज म्हणाली, "माताजी, ये अब बोल नहीं पाएँगे. हाँ-ना में पूछिए."

"आज नहीं?" आईनं विचारलं.

नर्सनं माझ्याकडे पाहिलं.

बाहेर बाकावर बसून मी तिला सगळं सांगितलं. मी म्हटलं, आई, ओरड माझ्यावर. ती ओरडली नाही. म्हणाली, "म्हणजे ते मला सांगत होते. आणि मी पुस्तक काढून घेतलं."

एवढंच. त्या पुस्तकांत सत्य कळलं की बायका बेशुद्ध पडतात, खुर्चीत कोसळतात, मग कुणी हुंगायला औषध आणून देतं. आई उठली आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आली. मग मला म्हणाली की तू घरी जा, दूध आलं असेल.

बाबा बरे झाले. म्हणजे डॉक्टर म्हणाले बरे झाले. गळ्याला भोक, त्याला जाळीचं फडकं, अंघोळीला जपायचं, धुळीला जपायचं, आणि जयपुरात धुळीला जपायचं म्हणजे काय ते इथल्या माणसाला विचारा. घरात आवाज असा नव्हताच. बाबा पाटीवर लिहायचे. गळ्याला लावायचं एक यंत्र मी आणलं होतं, त्यातून घरघरणारा एकसुरी आवाज यायचा. पहिल्यांदा त्यांनी ते लावून आईला हाक मारली तर ती दचकली. "हा कोण बोलतोय?" म्हणाली. त्यांनी ते डब्यात घालून ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही.

आई त्यांचं सगळं करायची. नळी साफ करणं, मऊ खिचडी, वेळेवर औषध. पण बोलायची नाही. कामापुरतं बोलायची, तेही माझ्यामार्फत. त्यांना विचार गरम हवंय का. ते समोर बसलेले असायचे, कानांनी धड. मी चिडले एकदा, म्हटलं, कान नाही काढलेत त्यांचे. ती म्हणाली, "मला शिकवू नकोस. तुम्ही दोघं एका खोलीत होतात, मी बाहेर होते."

पुस्तक फ्रिजवर तसंच. बाबांनी पाटीवर लिहिलं, शेवट लिहून देऊ? तिनं ती पाटी पदरानं पुसली आणि म्हणाली, मी काय शाळेत बसलेय? मग मी म्हटलं, मी वाचून सांगते, माझं मराठी हिंदी मिसळलेलं असेल पण समजेल. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू वाचलंस तर ते तुझं होईल. त्यांचं कुठून होणार?" असे कितीतरी आठवडे गेले. मला वाटायला लागलं होतं की बाबांचा जीव वाचवायला जे झाकलं, त्यानंच या दोघांचं होतं नव्हतं ते संपलं. बाबांनाही तसंच वाटत असणार. ते गॅलरीत एकटे बसायला लागले होते, हातात पुस्तक न घेता.

उन्हाळा लागला होता. एक दिवस गोपालपुऱ्यातला माझा दुपारचा क्लास रद्द झाला आणि मी लवकर घरी आले. वीज गेलेली, कूलर बंद, म्हणून घरातला बारीकसा आवाजही ऐकू येत होता. चप्पल काढताना मला गॅलरीतून आईचा आवाज आला. "हं." मग थोड्या वेळानं पुन्हा, "हं... हं." मग, "अस्सं? मग?" मला वाटलं मावशीचा फोन आलाय.

मी पाणी प्यायला आत गेले तर फ्रिजवर पुस्तक नव्हतं.

दारातून पाहिलं. बाबा खुर्चीत, मांडीवर काचघर उघडं. ते सांगत होते. ओठ हलत होते, भुवया हलत होत्या, एका हातानं कमरेला चाव्यांचा जुडगा दाखवत होते, मग दोन बोटांनी हवेत काचेचं तावदान काढत होते. आवाज अजिबात नाही. गळ्यावरचं फडकं तेवढं आतबाहेर होत होतं. आई समोर पाटावर बसली होती, हात मांडीवर, नजर त्यांच्या तोंडावर, आणि ते थांबले की ती हुंकार देत होती. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, नाहीतर त्याला वाटतं ऐकणारा झोपला. बाबा पान उलटायचे, मनात वाचायचे, आणि पुन्हा ओठ हलायला लागायचे. एका जागी ते पुढे वाकले, डोळे मोठे केले, आणि आई "अगं बाई" म्हणाली. ते इतके खूश झाले की हसता हसता खोकला आला. तिनं उठून पाठ चोळली, फडकं बदललं, आणि परत पाटावर बसून म्हणाली, "हं, पुढे?"

मी आत जाऊन पलंगावर बसले आणि रडले. पंख्याचाही आवाज नव्हता, म्हणून उशीत तोंड खुपसून रडले.

ती दोघं किती वेळ बसली होती कोण जाणे. ऊन गॅलरीतून उतरलं तेव्हा पुस्तक मिटल्याचा आवाज आला. आई स्वयंपाकघरात आली, चहाचं आधण ठेवलं. चेहरा साधा होता, रोजच्यासारखा. बाबा गॅलरीतच होते, डोळे मिटून, दमलेले. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हळूच विचारलं, "आई, कोण निघालं मग? डॉक्टर का?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मला एक अक्षर कळलं नाही."

तिनं आलं किसलं, साखर घातली.

"मग हं हं कशाला म्हणत होतीस?"

"ते सांगत होते गं," ती म्हणाली. "त्यांना परत थांबवायची हिंमत नव्हती माझ्यात."